श्रीपतकाकांच्या वाडीतली वायर

भुईगावात जमिनीच्या हद्दीवरून वाद झाला की लोक मोजणीवाल्याला बोलावण्याआधी श्रीपतकाकांना बोलावत. काका पायात स्लीपर अडकवून जात, दोन्ही बाजूंचं ऐकून घेत, आणि जांभळीपासून विहिरीच्या कठड्यापर्यंत याची, पलीकडे त्याची, असं सांगून परत येत. त्यावर कोणी पुन्हा मोजायला लावलं असं मी ऐकलेलं नाही. लहानपणापासून त्यांच्याच गल्लीत राहते मी. श्रीपतकाका बोलले म्हणजे तसंच असणार, हे आम्हाला कोणी शिकवलेलं नव्हतं. ते तसंच होतं.

वय आता अडुसष्ट. नारळ, केळी आणि थोडा सोनचाफा अशी त्यांची वाडी आहे. बायको भागूबाई, मुलगा अल्पेश, सून रचना. अल्पेश अंधेरीला एका विमा कंपनीत आहे. आठवड्यातले दोन दिवस ऑफिसला जातो, बाकी घरूनच लॅपटॉपवर काम करतो. गल्लीच्या पलीकडे, समोरच आलोशियस आणि फेलिशियाचं घर. आलोशियस फिटर म्हणून वसईच्या एका कारखान्यात निवृत्त झालेले. दोघे मित्र एकाच शाळेत शिकले, एकाच वर्षी नापास झाले, आणि पुढे पन्नास वर्षं रोज संध्याकाळी एकत्र बसले. काका त्यांच्या बोलीत बोलत, आलोशियस आपल्या. मध्येच एखादा शब्द एकमेकांचा उचलत. आलोशियसची एकुलती एक मुलगी स्टेफी आयर्लंडमध्ये नर्स आहे. दर रविवारी ती व्हिडिओ कॉल करायची, तेव्हा आलोशियस फोन तांब्याला टेकवून ठेवायचे आणि मध्येच काकांकडे वळवायचे. काका लाजून टोपी काढायचे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये स्टेफीला मुलगा झाला तेव्हा ते बाळ काकांनी याच फोनवर पाहिलं, जन्मून दोन दिवस झालेले असताना.

हा फोन चालायचा तो गॅब्रिएलच्या वायरवर. गॅब्रिएल गल्लीच्या तोंडाशी राहतो. आधी टीव्हीची केबल टाकायचा, आता इंटरनेटची टाकतो. तीन वर्षांपूर्वी त्याने मागच्या घरांसाठी नवी वायर ओढली ती काकांच्या वाडीतल्या तीन नारळांवरून. परवानगी त्याने घेतली होती, पण अल्पेशची, आणि तीही फोनवर. अल्पेश ऑफिसातून हो म्हणाला आणि घरी सांगायला विसरला. दुसऱ्या दिवशी काका पाणी सोडायला वाडीत गेले, तर त्यांच्या नारळाला खिळा ठोकलेला आणि त्यावरून काळी वायर गेलेली. ते गॅब्रिएलला काही बोलले नाहीत, अल्पेशलाही नाही. भागूबाईंना मात्र म्हणाले, "झाडं माझ्या बापाने लावली, आन् विचारायचं कोनाला, तर पोराला."

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी एका सोमवारी दुपारी वादळ आलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत चार विजेचे खांब वाकलेले होते. वीज तर गेलीच. मंगळवारी सकाळी उठून पाहिलं तर मोबाईललाही रेंज नव्हती. टॉवरची बॅटरी रात्रभरात संपली होती. पण गॅब्रिएलची वायर शाबूत होती. त्याच्या खोलीत बॅटऱ्या होत्या, शिवाय एक छोटा जनरेटर. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर होता त्यांचं इंटरनेट चालू, बाकी सगळं गाव मुकं.

आमच्या गल्लीत चालता इन्व्हर्टर अल्पेशचा. आठ वाजता बातमी फुटली आणि नऊ वाजेपर्यंत काकांच्या पडवीत वीस-पंचवीस माणसं बसलेली. रचनाने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पासवर्ड लिहून दाराच्या चौकटीला चिकटवला. कोणी मुंबईतल्या नातेवाइकांना खुशाली कळवत होतं, कोणी विजेच्या तक्रारीचा नंबर मिळवत होतं. त्या माणसांत मीही होते. बँकेत पोचू शकत नाही, हे साहेबांना कळवायचं होतं. पायऱ्यांपाशी माझ्या चपला चिखलाने भरल्या तेव्हा मी वाडीकडे बघितलं. अकरा नारळ आडवे झालेले होते आणि केळीची बाग झोपलेली. मी बघितलं आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. काका पडवीच्या कोपऱ्यात उभे होते. त्यांना वाडीचं विचारावं हे त्या सकाळी आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

पुढचं काकांनीच मला सांगितलं, यंदाच्या जानेवारीत, मी न विचारता.

त्या सकाळी त्यांनी अल्पेशला तीन वेळा हाक मारली. एक नारळ नेमका केळीच्या उभ्या राहिलेल्या ओळीवर पडला होता. दोघांनी मिळून खोड बाजूला केलं असतं तर तीस-चाळीस केळी वाचल्या असत्या. पहिल्या हाकेला अल्पेशने कानाला लावलेला हेडफोन दाखवला. दुसऱ्या वेळी म्हणाला, मीटिंग संपली की येतो. तिसऱ्या वेळी त्याने मान वर केली नाही. काका कोयता घेऊन एकटेच वाडीत गेले.

खोड त्यांना एकट्याने हलेना, म्हणून आधी शेंडा तोडून वेगळा करायचं त्यांनी ठरवलं. झावळ्या छाटत आत गेले, तर शेंड्यात ती वायर अडकलेली. ताणलेली होती, पण तुटलेली नव्हती. ती सोडवायची तर शेंडा अलगद उचलून धरायला दुसरं माणूस हवं होतं. नाहीतर गॅब्रिएलला बोलवायचं. त्याचं घर दोनशे पावलांवर. पडवीतून कोणाच्या तरी फोनवरचं गाणं ऐकू येत होतं. काकांनी कोयता उचलला आणि दोन घावांत वायर तोडली.

"ती कसली वायर हाय ते मना माहीत होतं," ते मला म्हणाले. "चुकून नाय तुटली. मी तोडली."

पडवीतली माणसं पाच-दहा मिनिटं फोन हलवत बसली. मग गॅब्रिएलकडचं काहीतरी गेलं असेल असं म्हणत एकेक करून उठली. अल्पेशची मीटिंग अर्ध्यात बंद पडली. तो चरफडत बाहेर आला, आणि काही काम उरलं नाही म्हणून वाडीत आला. बापलेकांनी मिळून खोड बाजूला केलं. तेवीस केळी सरळ करून त्यांना बांबूचे टेके दिले. वायरची टोकं काकांनी त्याआधीच शेंड्याखाली सारली होती आणि वर झावळ्यांचा ढीग टाकला होता. अल्पेशने शर्ट काढून कमरेला बांधला होता. किती दिवसांनी तो असा वाडीत राबत होता. त्या दोन तासांत आपल्याला फार बरं वाटलं, हेही काकांनी मला सांगितलं. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

त्याच दुपारी, तीनच्या सुमारास, फेलिशियाची हाक आली. आलोशियस जेवून आरामखुर्चीत पडले होते ते उठलेच नाहीत. काका चिखलाच्या पायांनी धावले. गल्लीतल्या डॉक्टरांनी येऊन नाडी पाहिली आणि झोपेतच हृदय थांबलं असं सांगितलं. काकांनी मित्राचे पाय सरळ केले, हात छातीवर ठेवले. वायरचा विचार तेव्हा त्यांच्या मनात आला नाही.

फेलिशियाचा भाचा स्कूटरवरून माणिकपूरला गेला. तिथे रेंज होती. तिथून त्याने स्टेफीला कळवलं. परत आला तो तिचा निरोप घेऊन. बाळ जेमतेम पाच आठवड्यांचं, त्याचा पासपोर्टही अजून निघालेला नाही. ती येऊ शकत नव्हती. पण डॅडींना घरातून नेण्याआधी तिला त्यांना बघायचं होतं. लोक प्रार्थना म्हणतील तेव्हा तिकडून तिलाही म्हणायची होती. नंतरचा व्हिडिओ नको, असं तिने मुद्दाम सांगितलं होतं. त्याच वेळी बघायचं होतं.

कोळीवाड्यातून बर्फाच्या लाद्या आणल्या. उन्हाळ्याचे दिवस, वीज नाही. बुधवारी चारच्या पुढे थांबता येणार नव्हतं. चार वाजता घरातली प्रार्थना, मग चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना, मग दफन.

बुधवारी सकाळी नऊ वाजता गॅब्रिएल फेलिशियाच्या अंगणात आला. आदल्या दिवसभर तो दुसऱ्या वाड्यांमधल्या वायरी जोडत होता, डोळे लाल झालेले. अंगणात पंधरा-वीस माणसं होती, अल्पेश होता, मी होते. फेलिशिया दारात बसलेली. गॅब्रिएल तिला म्हणाला की मागच्या सगळ्या घरांची लाईन बंद आहे, म्हणजे मधे कुठेतरी वायर तुटली आहे. जागा सापडली तर जोडणं अर्ध्या तासाचं काम. मग तो काकांकडे वळला.

"काका, वायर तुमच्या वाडीतून जाते. नारळ पडलेत तिथे तुटलेली दिसली का कुठे?"

काका मला म्हणाले की ते बोलायला गेले होते. आतून शब्द निघाला होता. पण समोर फेलिशिया होती, बाजूला अल्पेश, आणि सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर.

"नाय," ते म्हणाले. "माझ्या वाडीत नाय तुटली."

"मग तिकडे बघायला नको," गॅब्रिएल म्हणाला आणि शिडी उचलून खाडीच्या बाजूला निघाला.

त्याने स्वतः एकदा बघितलं असतं तर पाच मिनिटांत जागा सापडली असती. पण श्रीपतकाकांनी सांगितल्यावर कोण बघायला जाईल? जाण्याआधी भागूबाईंनी त्याला चहा दिला. तो उभ्या उभ्या प्यायला. कप परत घ्यायला काकांनी हात पुढे केला तेव्हा गॅब्रिएल त्यांना म्हणाला, "तुमचा तर दोस्त गेला, काका. तुम्ही बसा. मी बघतो."

खाडीच्या बाजूला गुडघाभर पाणी साचलेलं होतं. गॅब्रिएल खांबामागून खांब तपासत गेला. शिडी लावायची, चढायचं, वायर हाताने चाचपायची, उतरायचं. अकरा वाजता अल्पेशही त्याच्या मदतीला गेला. दीड वाजता दोघे परत आले तेव्हा अल्पेशची नडगी पत्र्याने कापलेली होती. काकांनीच हळद आणून लावली.

त्या वेळी त्यांनी दुसऱ्यांदा बोलायचं ठरवलं. पण आता नुसतं वायर तोडली एवढंच सांगायचं उरलं नव्हतं. सकाळी खोटं का बोललो हेही सांगावं लागणार होतं. दर तासाला सांगायची गोष्ट वाढत चालली आणि सांगणारा माणूस लहान होत चालला. काकांनी पट्टी बांधली आणि हळदीची वाटी आत नेऊन ठेवली.

तीन वाजता अल्पेशने आपला इन्व्हर्टर आणि बॅटरी हातगाडीवर घालून समोरच्या घरात नेली. म्हणाला, वायर जोडली गेलीच तर त्या क्षणी सगळं चालू असायला हवं. फेलिशियाच्या बैठकीत येशूच्या तसबिरीखाली त्यांचा राउटर होता. अल्पेशने तो लावला. त्यावरचे हिरवे दिवे पेटले, फक्त एक लाल राहिला. वायरीतून काही येत नाही याची ती खूण, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. लाल गेला की समजा झालं.

मग आम्ही सगळे त्या लाल दिव्याकडे बघत बसलो. आलोशियस मधोमध पेटीत निजलेले होते. करडा सूट, हातात रोझरीची माळ. फेलिशियाने स्टेफीचा फोटो उघडून फोन उशाशी ठेवला होता, लाईन आली की लगेच नंबर लावता यावा म्हणून. तिकडे साडेदहा वाजलेले असतील, ती बाळाला पाजून फोन घेऊन बसली असेल, असं फेलिशिया कोणाला तरी म्हणाली.

चार वाजले. फादर आले. प्रार्थना सुरू करायची का, त्यांनी हळूच विचारलं. फेलिशिया म्हणाली, "पंधरा मिनिटं थांबूया, फादर. गॅब्रिएल शोधतोय."

सव्वाचार झाले. तिने आणखी पंधरा मिनिटं मागितली. फादर खुर्चीवर बसले. काका पेटीच्या पायथ्याशी उभे होते, खांदा देणाऱ्यांत. त्यांच्या मनात हिशेब चालू होता: आता बोललो तरी अर्धा तास. फादर थांबतील. चर्चवाले थांबतील. आत्ता. मग आणखी पाच मिनिटं जात आणि ते पुन्हा म्हणत, आत्ता. खोलीतल्या एकाही माणसाला त्यांचा संशय नव्हता. संशय असता तर सोपं झालं असतं, ते मला म्हणाले. कोणी विचारलं असतं तर सांगून टाकलं असतं. पण विचारणारा एकदा विचारून गेला होता.

साडेचारला गॅब्रिएल दारात आला. कमरेपर्यंत चिखल. त्याने नुसती मान हलवली.

फेलिशिया उठली. तिने फोन उचलला, त्याकडे थोडा वेळ बघितलं आणि नवऱ्याच्या कपाळाला ओठ टेकले. मग खाली वाकून आपल्या बोलीत काही म्हणाली. काकांना ती बोली येत होती. स्टेफीच्या वतीने ती आलोशियसना निरोप देत होती. काकांनी पेटी उचलली. चर्चपर्यंत त्यांनी खांदा बदलू दिला नाही.

भाच्याने फोनवर काढलेला व्हिडिओ रात्री माणिकपूरहून पाठवला. स्टेफीने तो आठ दिवस उघडला नाही.

गुरुवारी गॅब्रिएलने त्याच्या ओळखीच्या एका कंपनीकडून एक मशीन आणलं. वायरीच्या एका टोकाला ते लावलं की कितव्या मीटरवर वायर तुटली आहे ते कळतं. आकडा आला तीनशे दहा. तो टेप घेऊन मोजत निघाला, आणि काकांच्या कुंपणाच्या आत पंचवीस पावलं येऊन थांबला. काका तिथेच केळीला टेके देत होते, अल्पेश पाण्याचा पाईप सरळ करत होता. गॅब्रिएलने झावळ्या उचलल्या, शेंडा सरकवला, दोन्ही टोकं हातात घेतली. ओढून तुटलेली वायर कशी दिसते हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आतली पोलादी तार लांब निघते, वरचं आवरण फाटतं. इथे दोन्ही टोकं सुरीने पाव कापावा तशी होती.

त्याने टोकांकडे बघितलं आणि मग काकांकडे. काका म्हणतात, तशी नजर आयुष्यात कोणाची झेलली नाही.

"सापडली का?" अल्पेशने तिकडून विचारलं.

"सापडली," गॅब्रिएल म्हणाला. "झाडाखाली आली होती. तुटली. काकांना दिसली नसेल, झावळ्या होत्या वर."

मग तो मांडी घालून बसला, जोडणीचं मशीन उघडलं, वायरीतली केसासारखी बारीक काचेची तार साफ केली आणि जोडली. पंचवीस मिनिटं लागली. काका बाजूला उभे राहिले होते. जाताना गॅब्रिएलने त्यांना नमस्कार केला, रोजच्यासारखा.

त्या रात्री काका जेवले नाहीत. भागूबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि म्हणाल्या, "मी मंगळवारी विहिरीवर होते. मी बघितलं होतं तुम्हांला." काकांनी विचारलं, मग बोलली का नाहीस. त्या म्हणाल्या, "माझं नव्हतं ते बोलायचं. मी वाट बघत होते, तुम्ही कधी बोलाल."

सातव्या दिवसाची मिस्सा झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका समोरच्या घरी गेले. फेलिशिया पलंगावर आलोशियसचे शर्ट घडी करून ठेवत होती, कोणाला तरी द्यायला. काका बसले नाहीत. उभ्यानेच सांगितलं, सगळं, कोयत्यापासून गॅब्रिएलच्या नजरेपर्यंत. अल्पेशला मारलेल्या तीन हाका मात्र सांगितल्या नाहीत. त्या सांगितल्या असत्या तर ते निमित्त झालं असतं, असं त्यांना वाटलं.

फेलिशियाने हातातला शर्ट पूर्ण घडी केला.

"गॅब्रिएलने अंगणात विचारलं तेव्हा मी दारात होते," ती म्हणाली.

"हो, वहिनी."

"वायर तोडली ते मी समजेन. वाडी पडलेली, माणूस चिडतं. पण मी पंधरा-पंधरा मिनिटं मागत होते, आणि तुम्ही ऐकत होता."

तिने शर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाली की हे ती स्टेफीला सांगणार नाही. तिला ते जमणार नाही. त्यांनीच सांगावं. तिने फोन लावला, टेबलावर उभा केला आणि स्वतः आत निघून गेली.

आजवर त्या फोनवर काका फक्त टोपी काढून हसले होते. आता स्टेफीचा सुजलेला चेहरा समोर होता आणि तिच्या खांद्यावर बाळ झोपलेलं. त्यांनी सांगितलं. सांगून झाल्यावर फोन बंद पडला की काय, असं काकांना वाटलं. पण बाळाच्या पाठीवर तिचा हात हलताना दिसत होता.

"काका, तुम्ही शेवटपर्यंत होता ना?" तिने विचारलं.

"होतो."

"मग सांगा मला. सुरुवातीपासून. डॅडींना कोणते कपडे घातले तिथपासून."

काकांनी सांगितलं. करडा सूट, डाव्या बाहीचं सैल झालेलं बटण, फेलिशियाने ते ऐन वेळी टाचलं ते. कपाळावरचे केस ओले होते ते. कोणकोण आलं, कोण रडलं, फादर काय म्हणाले, पेटी किती जड होती, कबरीत माती पहिल्यांदा कोणी टाकली. तिने विचारलं नाही तेही सांगितलं. पाऊण तास. शेवटी फेलिशियाने वाकून नवऱ्याला जे म्हटलं होतं, ते काकांनी तिच्याच बोलीत जसंच्या तसं सांगितलं. तेव्हा स्टेफी पहिल्यांदा रडली.

"आता पुरे," ती म्हणाली आणि फोन ठेवला. माफ केलं असं ती म्हणाली नाही. काकांनीही मागितलं नव्हतं. मागायची लाज वाटली.

घरी येऊन त्यांनी अल्पेशला सांगितलं. अल्पेश नडगीवरची खपली खरवडत ऐकत होता. मग तो म्हणाला, "तुम्ही हाका मारत होतात, बाबा. मला ऐकू येत होत्या." एवढं बोलून तो आत गेला. गावात कोणाला काय सांगायचं हे दोघांनी ठरवलं नाही. पण दोन दिवसांत सगळ्यांना कळलं, कारण काकांनी स्वतःच गॅब्रिएलच्या घरी जाऊन, त्याच्या ओट्यावर चार माणसं बसलेली असताना, सांगितलं. गॅब्रिएलच जास्त अवघडला. जाऊ द्या काका, असं दोन-तीनदा म्हणाला.

कोणी त्यांना टाकलं नाही. फेलिशिया गल्लीत भेटली की बोलते. पाणी आलं का, भागूबाईंचा गुडघा कसा आहे. पावसाळ्यानंतर काकांनी कुंपणाच्या कडेने चर खणून घेतला आणि गॅब्रिएलने वायर पाईपातून जमिनीखालून नेली. त्यावर कोणी काकांना चांगलं म्हणायला गेलं की ते उठून जायचे.

डिसेंबरात स्टेफी आली, बाळाला घेऊन. पहिले चार दिवस समोरच्या घरात माणसांची ये-जा होती. काका गेले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी तीच वाडीत आली, बाळ कडेवर. त्यांना नाताळच्या शुभेच्छा दिल्या, भागूबाईंची चौकशी केली. मग म्हणाली की तिला ती जागा बघायची आहे.

काका पुढे झाले. शेंडा, झावळ्या केव्हाच गेल्या होत्या. केळीच्या ओळीशेजारी रिकामी जमीन होती. त्यांनी बोट दाखवलं. स्टेफी तिथे जाऊन उभी राहिली आणि गल्लीकडे वळली. कुंपणापलीकडे तिच्या घराची बैठकीची खिडकी दिसत होती. खिडकीत फेलिशिया पडदा सारत होती, तिच्या हातातल्या बांगड्यासुद्धा दिसत होत्या.

"इतकं जवळ," स्टेफी म्हणाली.

"हो," काका म्हणाले.

ती आणखी थोडा वेळ उभी राहिली. बाळ कुरकुरायला लागलं, तेव्हा त्याची पाजायची वेळ झाली म्हणून ती निघाली. केळीच्या वाफ्यात पाणी सोडलेलं होतं. तिचा पाय घसरू नये म्हणून काका कुंपणापर्यंत पुढे पुढे चालत वाट दाखवत गेले.